फुटलेली चिनी मातीची भांडी घरी सांधताना आणि रंगवताना

चिनी मातीचे भांडे हातातून निसटून फुटले, की त्याचे दोन मोठे तुकडे उचलून ते एकमेकांना नीट बसतात का, हे पाहण्याचा मोह जवळजवळ प्रत्येकाला होतो. तो आवरावा. नुकत्याच फुटलेल्या कडेवर झिलईचे, म्हणजे वरच्या काचेसारख्या थराचे, आणि मातीचे अतिशय बारीक कण जेमतेम टिकून असतात. कडा एकमेकींवर घासल्या की ते गळून पडतात, आणि पुढे कितीही चांगला गोंद वापरला तरी सांध्यावर दातेरी, पांढुरकी रेघ कायमची राहते. म्हणून आधी पायांत चपला घालाव्यात, जवळ एखादा जुना पांढरा पंचा पसरावा, आणि मोठ्या तुकड्यांपासून तांदळाच्या कणीएवढ्या कपच्यांपर्यंत सर्व काही हाताने वेचून प्रत्येक मोठा तुकडा टिश्यू पेपरात वेगळा गुंडाळावा. झाडूने लोटून सुपलीत भरलेले तुकडे एकमेकांवर आपटून दुसऱ्यांदा फुटतात. बारीक कपच्या एका डबीत ठेवाव्यात आणि काम पूर्ण होईपर्यंत त्यांतील एकही टाकू नये, कारण काठावरची नखाएवढी कपची मूळ जागी बसली, तर भरण आणि रंगकाम यांचा अर्धा दिवस वाचतो.

काम सुरू करण्यापूर्वी त्या भांड्याचा पुढे काय उपयोग होणार आहे, हे स्वतःशी स्पष्ट असले पाहिजे. घरी होणारी दुरुस्ती ही थंड दुरुस्ती असते. भांडे पुन्हा भट्टीत जात नाही, त्यामुळे सांध्यात गोंद असतो आणि वरचा रंग हा कॅनव्हासवर लावतात तसाच रंग असतो. बाजारात मिळणाऱ्या साध्या इपॉक्सीचा, म्हणजे दोन भाग मिसळून लावायच्या गोंदाचा, जोड ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागतो, आणि कपात ओतलेला चहा त्याहून बराच गरम असतो. तुटलेला कान चिकटवलेल्या कपातून चहा पिणे म्हणजे उकळता चहा मांडीवर सांडण्याची तयारी ठेवणे होय, म्हणून असा कप शोभेसाठी किंवा पेन्सिली ठेवण्यासाठीच वापरावा. लोणच्याच्या बरणीला तडा गेला असेल, तर ती सांधून पुन्हा लोणचे भरू नये. मीठ, आंबट आणि तेल चिरेत शिरते, ती चीर धुऊन स्वच्छ होत नाही, आणि गोंद अन्नाला लागत राहतो. मात्र त्याच बरणीच्या झाकणाची वरची मूठ तुटली असेल, तर ती निःशंकपणे चिकटवावी, कारण तिचा आतल्या लोणच्याशी संबंध येत नाही. बरणीच पूर्ण निकामी झाली असेल, तर सांधून, तोंडाला दादरा बांधून ती फळीवर ठेवली तरी स्वयंपाकघराची शोभा टिकते.

यानंतर माती ओळखावी. फुटलेल्या कडेवर पाण्याचा एक थेंब ठेवला आणि तो लगेच शोषला गेला, कड पिवळसर किंवा तांबूस आणि खडूसारखी दिसली, तर ती साधारण १००० ते ११५० अंशांवर भाजलेली सच्छिद्र माती आहे. कड करडी किंवा बदामी, घट्ट आणि दगडासारखी असेल, तर ते स्टोनवेअर. लोणच्याच्या तपकिरी-पांढऱ्या बरण्या या जातीच्या असतात. कड शुभ्र, काचेसारखी चमकदार असेल, थेंब तिच्यावर तसाच उभा राहत असेल आणि पातळ तुकड्यामागे टॉर्च धरल्यावर उजेड आरपार येत असेल, तर ते १३०० अंशांच्या आसपास भाजलेले पोर्सिलेन असते. बोन चायनाही उजेड आरपार सोडतो, पण त्याचा पांढरा रंग किंचित सायीसारखा असतो. त्याच्या मातीत निम्म्याच्या आसपास हाडांची राख असते. ही ओळख पटवण्याचे कारण व्यावहारिक आहे. पोर्सिलेन पाण्यात बुडवून ठेवले तरी बिघडत नाही, पण सच्छिद्र माती घाण पाणी आणि पातळ गोंद दोन्ही पिऊन टाकते, आणि झिलईखाली गेलेला डाग नंतर बाहेर काढणे फार अवघड जाते.

कडा स्वच्छ करण्याच्या टप्प्यावर सर्वाधिक घाई केली जाते, आणि बहुतेक सांधे त्यामुळेच बिघडतात. नुकतेच फुटलेले पोर्सिलेन कोमट पाणी, भांडी घासण्याच्या द्रवाचा एक थेंब आणि मऊ दातघासणी यांनी धुऊन भरपूर साध्या पाण्याखाली विसळले म्हणजे पुरते. जुनी दुरुस्ती उघडायची असेल, तर आधी गोंद कोणता ते शोधावे लागते: सरस आणि फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद कोमट पाण्यात तासन्‌तास ठेवल्यावर फुगून सुटतो, झटपट चिकटणारा गोंद अ‍ॅसिटोनने मऊ होतो, आणि पिवळी पडलेली इपॉक्सी गरम पाण्यात भिजवून थोडी रबरासारखी झाली की धारदार पात्याने हळूहळू खरवडता येते. पात्याला पात्याचे काम करू द्यावे; तुकडे ओढून वेगळे करण्याचा प्रयत्न केला, तर सांधा सोडून शेजारची चांगली बाजू फुटते. चिरेत चहाचा तपकिरी डाग बसलेला असेल, तर औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये कापसाच्या पातळ वाती भिजवून त्या चिरेवर ठेवाव्यात, वरून प्लॅस्टिकची पातळ फिल्म गुंडाळावी आणि दर काही तासांनी पाहावे. हा उपाय पोर्सिलेनपुरताच आहे. सच्छिद्र मातीवर किंवा सोनेरी काठावर तो करू नये. कपडे पांढरे करण्याचे क्लोरिनयुक्त द्रावण मात्र कोणत्याच मातीवर वापरू नये, कारण त्यातील क्षार आत राहतात आणि पुढे झिलई उचलतात. शेवटी डिस्टिल्ड पाण्याने विसळून पोर्सिलेन एक दिवस आणि सच्छिद्र माती चार-पाच दिवस वाळू द्यावी. कोकणातील पावसाळ्यात हा काळ दुप्पट धरावा. गोंद लावण्याच्या आधी अ‍ॅसिटोनने भिजवलेल्या कापसाने कडा एकदा पुसाव्यात आणि त्यानंतर त्यांना बोट लावू नये. अ‍ॅसिटोन पटकन पेट घेतो, त्यामुळे त्या खोलीत समई, उदबत्ती किंवा गॅस पेटलेला नसावा आणि खिडकी उघडी असावी.

गोंदाच्या निवडीबाबत माझे मत ठाम आहे. घरात सर्वांत आधी हाताशी येणारा झटपट चिकटणारा गोंद या कामाला योग्य नाही. तो काही सेकंदांत धरतो, म्हणून तुकडा केसभर चुकला तर सुधारण्याची संधी मिळत नाही, तो पोकळी भरत नाही आणि धक्क्याने कडकन सुटतो. पोर्सिलेन, बोन चायना आणि स्टोनवेअर यांच्यासाठी दोन नळ्यांतून मिळणारी, अ‍ॅरल्डाइटसारखी इपॉक्सी घ्यावी, आणि तीही पाच मिनिटांत घट्ट होणारी नको, तर तासाभराहून अधिक वेळ देणारी, शक्य तितकी पारदर्शक असावी. सगळ्या इपॉक्सी कालांतराने पिवळ्या पडतात. संग्रहालयांत काचेसाठी आणि पोर्सिलेनसाठी वापरली जाणारी खास इपॉक्सी फार हळू पिवळी पडते, परंतु ती पूर्ण घट्ट होण्यास आठवडा लागतो आणि ती महागही असते. सच्छिद्र मातीसाठी संवर्धक, म्हणजे जुन्या वस्तू जपणारे तज्ज्ञ, पॅरालॉइड बी-७२ नावाचे अ‍ॅक्रिलिक राळेचे दाणे अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून वापरतात. त्याचा मोठा गुण असा की पन्नास वर्षांनीही अ‍ॅसिटोन लावला की जोड सुटतो आणि मूळ मातीला इजा होत नाही. त्याची एक मर्यादा मात्र आपल्याकडे विशेष जाणवते: तो ४० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतो, आणि नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्याही वर जातो, त्यामुळे तिथे जड भांड्याचा सांधा उन्हाळ्यात सावकाश सरकू शकतो. अशा ठिकाणी सच्छिद्र कडेवर पॅरालॉइडचा पातळ हात देऊन तो वाळू द्यावा आणि त्यावर इपॉक्सीने जोडावे. कड इपॉक्सी पीत नाही, आणि पुढे कधी दुरुस्ती उघडावी लागली, तर मधला थर कामी येतो.

आता कोरडी जुळणी. सर्व तुकडे गोंदाशिवाय, कागदी चिकटपट्टीच्या लहान तुकड्यांनी एकदा पूर्ण उभे करावेत. पट्टी सांध्याला काटकोनात, किंचित ताणून, आतून आणि बाहेरून लावावी. सोनेरी काठावर किंवा झिलईवरून रंगवलेल्या फुलांवर ती लावू नये, कारण काढताना सोने आणि रंग पट्टीबरोबर निघून येतात. तुकडा बरोबर बसला की नाही, हे डोळ्यांपेक्षा नखाला आधी कळते. सांध्यावरून नख दोन्ही दिशांनी फिरवावे. ते कोठेही अडखळले, तर तुकडा वर किंवा खाली आहे. याच वेळी क्रम ठरवून पट्ट्यांवर पेन्सिलीने आकडे घालावेत. पहिल्या पहिल्या कामात मी एका निळ्या नक्षीच्या खोलगट थाळीचे चार तुकडे मला सोयीच्या क्रमाने चिकटवले, आणि पाचवा, पाचरीसारखा तुकडा आत शिरायला वाटच उरली नाही. दोन बाजूंनी तिरप्या कडा असलेला तुकडा शेवटी कधीच ठेवू नये, हा धडा तेव्हा मिळाला. ती थाळी गरम पाण्यात भिजवून पुन्हा सोडवावी लागली. शिवाय प्रत्येक सांध्यात केसाच्या जाडीएवढी चूक राहिली, तरी चार सांध्यांत ती साठत जाते आणि वर्तुळ बंद होत नाही, म्हणून गोंदाचा थर शक्य तितका पातळ असणे हे केवळ देखणेपणासाठी नसून जुळणीसाठीच आवश्यक असते.

इपॉक्सीच्या दोन्ही नळ्यांतील भाग पाकिटावर दिलेल्या प्रमाणात, बहुधा समसमान, काचेच्या तुकड्यावर घ्यावेत आणि टूथपिकने सावकाश दोन मिनिटे मिसळावेत. जोराने फेटल्यास बुडबुडे होतात. हातात नायट्राइलचे मोजे असावेत, कारण वारंवार संपर्काने अनेकांच्या त्वचेला इपॉक्सी सोसेनाशी होते. गोंद एकाच कडेवर, तिच्या जाडीच्या मध्यावर, सुतासारख्या रेघेत लावावा. तुकडा दाबून बसवावा, नख फिरवून तपासावा, पट्ट्या ताणून लावाव्यात आणि दहा मिनिटांनी पुन्हा तपासावा, कारण ओला गोंद तुकड्याला नकळत सरकवतो. बाहेर आलेला गोंद लगेच पुसू नये; तो चिंगमसारखा झाला की पात्याने स्वच्छ कापला जातो. भांडे टेकवण्यासाठी परातीत कोरडी वाळू घेऊन वर प्लॅस्टिक पसरावे आणि त्यात ते असे रोवावे की वरच्या तुकड्याचे वजन सरळ सांध्यावर येईल. एक दिवस त्याला हात लावू नये, थंडीत दोन दिवस थांबावे.

जिथे भांडे फुटलेले नाही, पण केसासारखा तडा गेला आहे, तिथे ते उघडण्याचा प्रयत्न करू नये. तडा स्वच्छ आणि कोरडा करून भांडे केस वाळवण्याच्या यंत्राने हाताला सोसेल इतके कोमट करावे आणि पातळ इपॉक्सी तडाभर लावावी. उष्णतेने ती अधिक पातळ होते आणि दिव्याची वात तेल ओढते तशी चीर तिला आत ओढून घेते.

उडालेल्या टवक्याच्या जागी भरण करावे लागते. पोर्सिलेनसाठी मी तीच इपॉक्सी थोडे शंखजिरे आणि चिमूटभर टायटॅनियम पांढरा रंग घालून लोण्याइतकी घट्ट करते. त्यात शंखजिरे कमी ठेवले, तर भरण थोडे अर्धपारदर्शक राहते आणि पोर्सिलेनशी मिळते. एम-सीलसारखे मळून लावायचे लुकण मजबूत असते, पण त्याचा राखाडी रंग झाकण्यासाठी रंगाचे जाड थर द्यावे लागतात, म्हणून ते स्टोनवेअरपुरते ठेवावे. सच्छिद्र, जाड मातीला प्लॅस्टर ऑफ पॅरिस पुरते. काठाचा मोठा तुकडाच हरवला असेल, तर मुलांच्या खेळातील रंगीत मातीची पट्टी त्याच काठाच्या शाबूत भागावर आतून दाबून तिचा आकार घ्यावा, ती तशीच सरकवून खिंडाराच्या मागे लावावी, तिच्यावर शंखजिऱ्याची बुकटी फिरवावी आणि समोरून भरण करावे. काठाची गोलाई आपोआप मिळते. भरण मूळ पातळीपेक्षा कागदाएवढे वर ठेवावे.

घासताना आजूबाजूच्या झिलईवर चिकटपट्टी लावून घ्यावी. पॉलिश पेपर झिलईवर ओरखडे पाडतो आणि ते परत भरून येत नाहीत. सोनेरी काठ तर दोन फटकाऱ्यांत पुसला जातो. वॉटर पेपर पाण्यात बुडवून ४०० नंबरापासून सुरुवात करावी, मग ६००, १००० आणि शेवटी १५००. नाकावर मुखपट्टी बांधावी आणि धूळ ओल्या कापडाने पुसावी, विशेषतः भांडे जुने असेल तर, कारण पुष्कळ जुन्या झिलयांमध्ये शिसे असते. डोळे मिटून बोट फिरवल्यावर भरण कोठे सुरू होते आणि कोठे संपते हे कळेनासे झाले, की घासणे थांबवावे. रंग खोलगटपणा झाकत नाही, उलट चमक आल्यावर तो अधिक दिसतो.

रंगकामाचा माझा एकच नियम आहे आणि त्याला अपवाद नाही: रंग भरणावर लावावा, मूळ झिलईवर नाही. अननुभवी हात सांधा लपवण्यासाठी दोन्ही बाजूंना बोटभर रंग पसरवतो, मग त्याची कड लपवण्यासाठी आणखी पसरवतो, आणि शेवटी अर्ध्या थाळीवर नवा रंग चढतो, जो काही वर्षांत पिवळा पडल्यावर मूळ नुकसानापेक्षा मोठा डाग होऊन बसतो. बारीक, नीट बसलेली सांध्याची रेघ दिसत असेल तर ती दिसू द्यावी.

पांढरा रंग जुळवणे हे या कामातील सर्वांत कठीण प्रकरण आहे, कारण कोणतेही भांडे नळीतल्या पांढऱ्या रंगाइतके पांढरे नसते. पोर्सिलेनमध्ये निळसर-करडी छटा असते, बोन चायनात सायीची, बरणीच्या खालच्या भागात पिवळसर-मातकट. चांगल्या प्रतीचा अ‍ॅक्रिलिक टायटॅनियम पांढरा घेऊन त्यात टूथपिकच्या टोकाने रंग मिसळत जावे: पोर्सिलेनसाठी कणभर काळा आणि त्याहून कमी निळा, बरणीसाठी यलो ऑकर, म्हणजे आपली पिवडी, आणि किंचित रॉ अंबर हा मातकट तपकिरी रंग. बरणीच्या वरच्या तपकिरी भागाला बर्न्ट अंबर आणि थोडा बर्न्ट सिएना लागतो. मिश्रण काचपट्टीवर लावून, वाळवून भांड्याशेजारी धरावे, कारण अ‍ॅक्रिलिक वाळल्यावर गडद होतो. हे सर्व दिवसाच्या उजेडात, उत्तरेच्या खिडकीजवळ करावे. ट्यूबलाइटखाली हुबेहूब जुळलेला रंग सकाळी ओळखू येईल इतका वेगळा दिसतो, आणि हा डोळ्यांचा दोष नसून दोन रंगद्रव्ये वेगवेगळ्या प्रकाशात वेगवेगळी वागतात म्हणून तसे घडते. जुळला की दोन-तीन थर, प्रत्येक पाण्याइतका पातळ, स्पंजाच्या बारीक तुकड्याने टिपत द्यावेत. कुंचल्याचे ओढे चमकदार पृष्ठभागावर लगेच ओळखू येतात.

निळ्या नक्षीचे भांडे असेल, तर थरांचा क्रम समजून घ्यावा. चौदाव्या शतकात चीनमधील जिंगदेझेन येथे बहराला आलेल्या या पद्धतीत कोबाल्टची नक्षी मातीवर काढून वरून झिलई देतात, म्हणून ती पाण्याखाली असल्यासारखी खोल दिसते. आपणही तसेच करावे: आधी पांढरा पाया, तो १५०० नंबरच्या कागदाने अलगद गुळगुळीत करून त्यावर नक्षी, आणि तिच्यावर पारदर्शक चकाकीच्या वार्निशाचे थर. नळीतला कोबाल्ट निळा तसाच लावला तर भडक दिसतो. त्यात किंचित काळा आणि अंबर मिसळावा, आणि मूळ रेघेच्या कडा पाण्यात विरल्यासारख्या असतील, तर शून्य-शून्य नंबरच्या कुंचल्याने काढलेली रेघ ओली असतानाच दुसऱ्या ओलसर कुंचल्याने तिची कड पसरवावी. झिलईवर जाळीसारख्या बारीक भेगा असतील, तर त्या भरणावर टोकदार पेन्सिलीने पुढे न्याव्यात आणि मग वार्निश द्यावे.

सोनेरी काठासाठी पितळेची पूड घेऊ नये, ती काळवंडते. अभ्रकाची सोनेरी पूड वार्निशात मिसळून लावावी. सांधाच सोन्याने उठवण्याची जपानी किंत्सुगी पद्धत अनेकांना आकर्षित करते, परंतु तिच्या नावाने मिळणाऱ्या संचांत पुष्कळदा इपॉक्सी आणि सोनेरी पूड असते, आणि अशा भांड्यात अन्न ठेवू नये. मूळ किंत्सुगीत उरुशी नावाच्या झाडाचा चीक वापरतात. तो दमट हवेत, साधारण ७० टक्क्यांहून अधिक आर्द्रतेत, आठवडे घेऊन घट्ट होतो. ते झाड आपल्या बिब्ब्याच्याच कुळातले आहे, आणि ज्यांच्या अंगावर बिब्बा उततो, त्यांनी कच्च्या उरुशीपासून तितकेच दूर राहावे.

काही वस्तूंना घरी हात लावू नये. जुन्या बाजारातून आणलेल्या थाळीच्या मागे तारेचे टाके दिसले, तर तिची दुरुस्ती चांगले गोंद येण्याआधीची आहे. कारागीर मातीत अर्ध्या जाडीपर्यंत भोके पाडून त्यांत तार बसवत असत, आणि ते टाके काढताना भोकांभोवतीची झिलई निघते. ते तसेच ठेवावेत. मौल्यवान किंवा खूप जुन्या वस्तूसाठी मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या कला-संवर्धन केंद्रासारख्या ठिकाणी विचारावे, आणि तोपर्यंत तुकडे न जोडता, गुंडाळून ठेवणे हेच त्या वस्तूचे उत्तम रक्षण असते.

दुरुस्त केलेले भांडे काठाला किंवा कानाला धरून उचलू नये, तळाखाली हात घालून उचलावे; ते पाण्यात भिजवू नये, ओलसर कापडाने पुसावे आणि थेट उन्हापासून दूर ठेवावे. त्याच्या तळाशी एक लहान कागद ठेवून त्यावर दुरुस्तीची तारीख, कोणता गोंद आणि कोणता रंग वापरला, आणि तो कशाने सुटतो, एवढे लिहून ठेवावे, म्हणजे पुढे कधी ते भांडे पुन्हा सोडवावे लागले, तर त्या माणसाला अंदाजाने सुरुवात करावी लागणार नाही.